शीट रोल आणि लाँग रोल: आजोबांच्या फौजी नोकरीचा माग काढताना

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून ‘संबंधित सैनिकाची सेवा-कागदपत्रे मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आली आहेत’ अशा आशयाचे पत्र आले की कोकणातली अनेक घरे शोध तिथेच थांबवतात. प्रत्यक्षात त्या पत्रातली ‘सेवा-कागदपत्रे’ म्हणजे बहुधा शीट रोल आणि त्यासोबतचे कागद असतात. त्याच कार्यालयात असणारी लाँग रोल ही नोंदवही निराळी, आणि तिच्याविषयी ते पत्र काहीच सांगत नाही. दोन्ही नावांत ‘रोल’ असल्यामुळे आणि दोन्हींत सैनिकाचे नाव असल्यामुळे लोक त्यांना एकच समजतात.

शीट रोल हा एका माणसाचा कागद असतो. भरतीच्या दिवशी तो उघडला जातो आणि पुढे सैनिकाच्या मागोमाग चालतो. त्यात वडिलांचे नाव, गाव, पोस्ट, तालुका, उंची, अंगावरची ओळखीची खूण, जात, शिक्षण, वारसाचे नाव, बढत्या, झालेल्या शिक्षा, पूर्ण केलेले कोर्स आणि मिळालेली पदके असा सगळा तपशील असतो. लग्न किंवा मुलाचा जन्म यांसारख्या घरगुती घटना पार्ट टू ऑर्डर या पलटणीच्या लेखी आदेशात प्रसिद्ध होऊन शीट रोलवर चढत. त्यामुळे ज्याला आजोबा माणूस म्हणून कसे होते हे शोधायचे असते, त्याचा जीव शीट रोलमध्येच अडकलेला असतो, आणि ते समजण्यासारखेच आहे.

लाँग रोल याच्या उलट साऱ्या पलटणीची सलग नोंदवही असते. तीत एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ एक ओळच येते: क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि त्याचे कारण. वारस, शिक्षा किंवा बदल्या यांचा शोध तीत घेऊ नये. मात्र तिचे मोल वेगळे आहे, कारण ती कायमस्वरूपी जपली जाते, तर निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाचा शीट रोल नियमाप्रमाणे 25 वर्षांनंतर नष्ट केला जातो.

हा 25 वर्षांचा नियम कोकणाला फार झोंबतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य 25 लाखांच्या वर गेले आणि युद्ध संपताच ते झपाट्याने कमी करण्यात आले. 1942 च्या सुमारास भरती होऊन 1946 मध्ये घरी परतलेल्या शिपायाची नोकरी पेन्शनला पुरेल एवढी भरत नव्हती. म्हणजे तो पेन्शनर नाही, आणि त्याचा शीट रोल 1971 च्या आसपास नष्ट होण्यास पात्र ठरला. याच्या उलट, सुभेदार होऊन पेन्शनवर आलेल्या चुलत आजोबांचे कागद त्याच घरासाठी मिळू शकतात. एकाच घरातल्या दोघांना अशी दोन वेगळी उत्तरे आली तर त्यात कार्यालयाची लबाडी शोधण्याचे कारण नाही.

शोधाची खरी किल्ली सैनिकाचा फौजी क्रमांक आहे. नुसत्या नावावर सीताराम सावंत किंवा तुकाराम कदम शोधायला सांगणे म्हणजे कारकुनावर अन्याय आहे. डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी सोडताना सैनिकाला मिळणारे पुस्तक, हरवले असेल तर पदके पाहावीत: भारतीय सैन्यातील माणसांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, गोल पदकाच्या कडेवर, स्टारच्या (ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या) मागे. आमसुलाने घासून लख्ख केलेल्या पदकांवर ही अक्षरे पुसट होतात, तेव्हा पदक उजेडात तिरके धरून वाचावे आणि घासण्याचा मोह यापुढे आवरावा.

गावाच्या नोंदीतही घोळ होतो, कारण कागद जुन्या जिल्ह्यांना ओळखतो. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये निघाला. त्यापूर्वीचा मालवणचा शिपाई कागदावर रत्नागिरी जिल्ह्याचा. सावंतवाडी आणि जंजिरा ही तेव्हा संस्थाने होती. रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. खेड लिहिले असेल तर ते रत्नागिरीतले की पुण्यातले, हेही पाहून घ्यावे. अर्जात आजचा आणि तेव्हाचा, असे दोन्ही पत्ते द्यावेत.

लाँग रोलची मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. आजोबा बर्मात होते की देशातच, हे ती सांगत नाही. तिथे पुन्हा पदकेच कामी येतात, पण तीही सांभाळून वाचावीत: बर्मा स्टार ठरावीक काळात बंगाल किंवा आसामात सेवा केलेल्यांनाही मिळाला आहे, म्हणून तो असला की आजोबा बर्मातली चिंदविन नदी ओलांडून गेले असे म्हणता येत नाही. पलटण कळली तर तिचा इतिहास वाचता येतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी इटलीत गाजवलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. त्याच बटालियनचा शिक्का आपल्या आजोबांच्या पदकावर असला, तरी ते त्या दिवशी तिथे होते असे मात्र ठरत नाही. पलटणीचा इतिहास वेगळा आणि माणसाची हजेरी वेगळी.

अर्ज पलटणीप्रमाणे जातो: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलासाठी खडकी. माहितीच्या अधिकाराखाली केंद्रीय कार्यालयाकडे अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे. अर्जात ‘सेवा-तपशील द्यावा’ एवढेच लिहिले तर शीट रोल नष्ट झाल्याचे उत्तर येते. म्हणून स्पष्ट लिहावे: ‘शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा.’ शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक खेप घालावी. आजोबांनी किंवा आजीने अनुदानासाठी कधी अर्ज केला असेल, तर त्या फायलीत डिस्चार्ज बुकाची प्रत लावलेली सापडू शकते.