10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर : दुकानात आणण्याआधी हे वाचा

सांगली, मिरज, तासगाव, कराडहून पिस्तूल घेऊन येणाऱ्या नेमबाजांची मागणी बहुधा एकच असते: ट्रिगर हलका करून द्या. आम्ही आधी 500 ग्रॅमचं वजन टांगून बघतो. पुष्कळदा ट्रिगर पुरेसा हलकाच निघतो, कधी तर नियमातही बसत नाही. बोटाला खुपत असतं ते वेगळंच. मध्येच खरखर लागते, शॉट सुटायची जागा दर वेळी बदलते, किंवा शॉट सुटल्यावर ट्रिगर मोकळा मागे धावतो. यातला एकही दोष वजन कमी करून जात नाही.

स्पर्धेचा नियम आधी. ट्रिगरचं वजन, म्हणजे शॉट सोडायला लागणारा दाब, 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम, 25 मीटरच्या पिस्तुलाला 1000 ग्रॅम. पिस्तूल कॉक करून (शॉटसाठी ताणून तयार करून) नळी उभी धरतात, वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवतात आणि टेबलावरून अलगद उचलतात. वजन उचललं जाण्याआधी ट्रिगर सुटला तर नापास. मॅच संपल्यावरही तपासणीला बोलावतात, आणि तिथे नापास झालं तर खेळाडू बाद होतो. त्यामुळे काटा बरोबर 500 वर ठेवू नका, 510 ते 520 ठेवा. दहा-वीस ग्रॅमचा फरक बोटाला कळतही नाही.

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो स्प्रिंगवर सरकतो आणि एका भिंतीला टेकतो. त्या भिंतीपलीकडचा थोडा दाब सिअर सोडवतो. सिअर म्हणजे हॅमरला (शॉट सोडणाऱ्या हातोडीला) अडवून धरणारी खाच. एकूण 510 ग्रॅमपैकी साधारण 350 ते 400 पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्या टप्प्यात ठेवले, तर भिंत स्पष्ट लागते आणि शॉट सहज सुटतो. पहिला टप्पाच काढून टाकायचा हट्ट नवशिक्यांनी धरू नये. बोट ट्रिगरवर ठेवतानाच शॉट जातो.

घरी जुळवायचं असेल तर हवेचा सिलिंडर काढा किंवा पिस्तूल ड्राय-फायरवर (शॉट न सोडता नुसता ट्रिगर ओढायच्या सोयीवर) ठेवा, नळीत पेलेट (छर्रा) नाही याची खात्री करा, नळी भिंतीकडे. मॅन्युअलमधलं चित्र समोर हवंच, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही स्क्रूच्या जागा वेगळ्या असतात. प्रत्येक स्क्रूला हात लावण्याआधी किती आटे आत आहे ते मोजून कागदावर लिहा. हे न केल्यामुळेच निम्मी पिस्तुलं आमच्याकडे येतात, असं म्हटलं तरी चालेल. मग मागचा स्टॉप स्क्रू, म्हणजे शॉटनंतर ट्रिगरला मागे अडवणारा, एक आटा सैल करा. आधी सिअरचा, मग पहिल्या टप्प्याच्या वजनाचा स्क्रू, एका वेळी पाव आटा. प्रत्येक बदलानंतर वीसेक ड्राय-फायर आणि तीन वेळा वजन. स्टॉप सगळ्यात शेवटी: ट्रिगर सुटेनासा होईपर्यंत हळूहळू आत घ्या आणि तिथून पाव ते अर्धा आटा मागे या. तो फार आत राहिला, तर थंडीत किंवा ग्रीस घट्ट झाल्यावर शॉट अडतो.

शेवटी रिकामं पिस्तूल कॉक करून ग्रिपवर तळहाताने दोन-चार थापा मारा. ट्रिगर सुटला तर सिअरची पकड कमी पडली आहे. असं पिस्तूल रेंजवर नेऊ नका.

खरखर लागली की लोक पॉलिश पेपर काढतात. कृपया काढू नका. सिअरच्या पृष्ठभागाची कडक पातळ परत एकदा घासली गेली की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं, कडा गोल होते आणि काही महिन्यांत ट्रिगर आपोआप हलका होत जातो. दोष बहुतेक वेळा सुकलेल्या तेलात अडकलेल्या धुळीचा असतो. साफ करून टाचणीच्या टोकाएवढं हलकं ग्रीस पुरतं. 2019 किंवा 2021 सारखं कृष्णेचं पाणी घरात येऊन पिस्तूल बुडालं असेल, तर ते वाळवून कॉक करू नका, तसंच घेऊन या. गाळ सिअरमध्ये बसलेला असतो.

अनेकांचा ट्रिगर निर्दोष असतो, पण पात्याचं, म्हणजे ट्रिगरवर बोट टेकतं त्या भागाचं, अंतर चुकलेलं असतं. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पात्यावर सरळ बसला पाहिजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं नुसतं टोक पोचत असेल तर शॉट डावीकडे ढकलले जातात. पातं दोन-तीन मिलिमीटर सरकवून बघा, शुल्क न देता काम होऊन जाईल. मोरिनीसारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात आधी बॅटरी बदला.

परवान्याच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला आम्ही हात लावत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार त्यांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

पिस्तूल आणताना सिलिंडर वेगळा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), सोबत मॅन्युअल आणि आटे लिहिलेला कागद. स्पर्धा दोन आठवड्यांच्या आत असेल तर आम्ही फक्त साफसफाई आणि वजनाची तपासणी करतो, बाकी काम स्पर्धेनंतर.