वैयक्तिक पतइतिहास : शून्यापासून उभारणी

व्यक्तीने कोणकोणती कर्जे घेतली, हप्ते कधी भरले, कुठे थकवले, याची बँका व वित्तसंस्थांनी कळवलेली एकत्रित नोंद म्हणजे तिचा पतइतिहास. ज्याच्या नावावर कधीच कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नव्हते, त्याचा असा इतिहास नसतो. अशा माणसाने तो पहिल्यांदा कसा उभारावा, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

भारतात अशा नोंदी गोळा करण्याचे काम पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार चालते. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. सिबिल त्यांतली सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. त्यामुळे बोलण्यात कुठल्याही कंपनीचा स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या नोंदींवरून दिलेला आकडा, ‘सिबिल’च असतो. स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. ज्याची नोंदच नाही त्याच्या सिबिल अहवालात आकड्याच्या जागी ‘-१’ किंवा ‘एनएच’ (नो हिस्टरी) दिसते. हा शेरा वाईट नव्हे, पण कर्ज मंजूर करणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही.

पुण्यात अशी कोरी पाटी पुष्कळांची असते, आणि ते सगळे नुकतेच नोकरीला लागलेले नसतात. कॉसमॉस बँक (१९०६), बँक ऑफ महाराष्ट्र (१९३५), जनता सहकारी बँक (१९४९) यांच्या या शहरात कर्ज बराच काळ ओळखीवर आणि जामीनदारांवर मिळत आले. त्याच्या जोडीला कचेरीतली ‘सोसायटी’, गल्लीतली पतसंस्था आणि घरोघरची भिशी. ‘आयुष्यात कुणाचा रुपया उधार घेतला नाही’ हे इथे अभिमानाने सांगितले जाते. असा माणूस साठीला आला, घर स्वतःचे, ठेवी भरपूर, तरी अहवाल उघडावा तर रिकामा.

कारण अहवालात फक्त कर्जव्यवहार येतात. पगार, बचत खात्यातली शिल्लक, वेळेवर दिलेले घरभाडे, महावितरणचे बिल, यूपीआयवरची रोजची देवघेव, यांतले काहीही स्कोअरमध्ये धरले जात नाही. भिशीची तर कुठेच नोंद नसते. पतसंस्थेचा मुद्दा लोकांना सहसा उशिरा कळतो. नागरी सहकारी बँकांना पतमाहिती कंपन्यांचे सभासद व्हावे लागते. पतसंस्था मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालतात आणि त्यांची कर्जे सहसा या अहवालापर्यंत पोचत नाहीत. दहा वर्षे पतसंस्थेचे हप्ते चोख फेडलेला दुकानदार त्यामुळे बँकेच्या दृष्टीने नवखाच राहतो.

उलट प्रकारही आहे. मित्राला किंवा मेहुण्याला बँकेत जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात ते कर्ज ‘जामीनदार’ या नात्याने उमटू शकते आणि ते थकले तर झळ त्यालाही बसते. स्वतः एक पैशाचे कर्ज न काढता पत बिघडवण्याचा हा आपल्याकडचा जुना मार्ग. पहिला इतिहास तयार होत असताना तरी जामिनाला नम्रपणे नकार द्यावा.

सुरुवातीला सर्वांत सोयीचे साधन म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड. पगाराची पावती नसली तरी ते मिळते, कारण बँकेकडे ठेव तारण असते. ठेवीवरचे व्याज चालूच राहते. समजा ठेव २५,००० रुपयांची आहे आणि बँकेने तिच्या ८० टक्के, म्हणजे २०,००० रुपयांची मर्यादा दिली. महिन्याचा किराणा, पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज मिळून चार-पाच हजार त्यावर खर्च करायचे आणि स्टेटमेंट आले की पूर्ण रक्कम भरायची, व्याज शून्य. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे, असा ठोकताळा आहे. तो कायदा नव्हे, पण वाईटही नाही. इथे एक खोच आहे. सोळा हजारांची खरेदी करून देय तारखेला सगळे पैसे भरले तरी मधल्या काळात बँकेने कळवलेली बाकी सोळा हजारच असते, आणि अहवालात मर्यादेचा ८० टक्के वापर दिसतो. मोठी खरेदी करावीच लागली तर देय तारखेची वाट न पाहता पैसे लगेच भरून टाकावेत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा, १५ तारखेची आणि महिनाअखेरची, कळवणे बंधनकारक झाले. त्यामुळे सुधारणा आणि घसरण दोन्ही लवकर दिसतात.

‘मिनिमम ड्यू’ (स्टेटमेंटवरची किमान देय रक्कम) भरले की झाले, हा समज महागात पडतो. तेवढे भरल्याने खाते थकीत दिसत नाही हे खरे, पण उरलेल्या रकमेवर, आणि पुढच्या नव्या खरेदीवरही, महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढू लागते. इतिहास घडवायला व्याज भरावेच लागते, हे खरे नाही.

दुसरी वाट दुकानातून जाते. मोबाइल किंवा फ्रिज हप्त्यावर घेणे हे अनेकांचे आयुष्यातले पहिले कर्ज असते. या व्यवसायातली बजाज फायनान्स ही मोठी कंपनी पुण्याचीच. हप्ते वेळेवर गेले तर नोंद चांगली पडते. मात्र मंजुरीसाठी विक्रेता तीन-चार कंपन्यांकडे अर्ज टाकत असेल तर त्याला थांबवावे. प्रत्येक अर्जामागे अहवालात एक चौकशी नोंदली जाते, आणि लागोपाठच्या चौकश्या पैशाची निकड असल्यासारख्या दिसतात. अ‍ॅपवरून घेतलेले दोन-पाच हजारांचे कर्जही सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार मुदत कितीही छोटी असो, ते कळवावेच लागते. शैक्षणिक कर्ज विद्यार्थी आणि सहकर्जदार पालक अशा दोघांच्या नावावर दिसते. सोनेतारण कर्जही मोजले जाते.

साधारण सहा महिन्यांच्या नोंदी साठल्या की स्कोअर येतो. पण आकड्यापेक्षा अहवालाचे पान वाचायला शिकणे अधिक उपयोगाचे. प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. वेळेवर भरले असेल तिथे ‘०००’ किंवा ‘एसटीडी’, ४५ दिवस उशीर झाला असेल तिथे ‘०४५’, आणि बँकेने माहितीच दिली नसेल तिथे तीन फुल्या. ‘सेटल्ड’ हा शब्द ऐकायला दिलासा देणारा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे आले नाहीत, तडजोड झाली’ असा असतो. पतमाहिती किमान सात वर्षे जपली जात असल्याने हा शेरा लवकर पाठ सोडत नाही. कर्ज संपल्यावर ‘नो ड्यूज’चे पत्र घ्यावे आणि पुढच्या अहवालात खाते ‘क्लोज्ड’ झाले का, ते पाहावे.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत वडिलांच्या नावाशिवाय नुसते आडनाव असेल, तर एकाच बाईच्या नोंदी विखुरण्याची किंवा दुसऱ्याचे कर्ज तिच्या नावावर चिकटण्याची शक्यता वाढते. दर ११ महिन्यांनी भाडेकरार आणि पत्ता बदलणाऱ्या हिंजवडी-वाकडच्या नोकरदारांनी निदान पॅन आणि मोबाइल नंबर सगळीकडे एकच ठेवावा.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. चूक आढळली तर संबंधित कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे.

कोऱ्या अहवालावरून अर्ज फेटाळता येतो का, हा प्रश्न २०२५ मध्ये संसदेतही आला. त्यावर सरकारने रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांचा हवाला दिला : पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, आणि किमान स्कोअर असा कुठलाही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. मात्र उत्पन्न, नोकरी किंवा बँकेचे स्वतःचे धोरण यांवरून अर्ज नाकारण्याची मुभा बँकेला आहेच. अशा वेळी नकाराचे कारण लेखी मागावे.