पार्श्वभूमी : स्टेटसवरचा फोटो आणि ग्रुपवरची गीबत

ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जुन्या मदरशाने सोशल मीडियावर स्वतःचे वा घरच्यांचे फोटो टाकणे नाजायज ठरवले. बातम्यांत तो फेसबुकविरुद्धचा फतवा म्हणून गाजला, पण वाद कॅमेऱ्याचा होता. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांना दोष देणाऱ्या हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, छायाचित्राला लागू होतात का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तच्या एका मुफ्तींनी, म्हणजे फतवा देणाऱ्या धर्मपंडितांनी, ‘नाही’ म्हटले. त्यांच्या मते कॅमेरा फक्त सावली अडवून ठेवतो. उपखंडातल्या बहुतेक हनफी (इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी परंपरांपैकी एक) उलेमांना ते पटले नाही. त्यांनी जरुरतीपुरती सूट दिली : पासपोर्ट, ओळखपत्र, हजचा अर्ज.

डिजिटल कॅमेऱ्याने गुंता वाढवला. पाकिस्तानातले काही मुफ्ती पडद्यावरची आकृती आरशातल्या प्रतिबिंबासारखी मानतात; कागदावर छापली की मगच ती मना असलेली तस्वीर. विरोधक म्हणतात, माणूस हलला की प्रतिबिंब जाते, फाइल मात्र मेमरीत राहते. युक्तिवाद दुसराच वजनदार, पण व्यवहारात चालतो पहिला. आज अनेक उलेमांची बयाने (प्रवचने) यूट्यूबवरच ऐकली जातात.

या रस्सीखेचीत गीबत, म्हणजे कोणाच्या पाठीमागे त्याची निंदा, मागे पडली, आणि रोजचे नुकसान तर तिथेच होते. ती मना करणारी कुराणातल्या सूरे हुजुरातची १२वी आयत अनेकांना पाठ असते. गीबत जिभेपुरती नाही. इशारा, नक्कल आणि लेखणीही तिच्यात येते, हे नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे. म्हणजे नाव न घेता टाकलेला टोमणा कोणाला आहे हे वाचणाऱ्याला कळत असेल, तर तीही गीबतच. मजकूर खरा असणे हा बचाव नाही; खोटा असेल तर ते बोहतान, म्हणजे खोटा आळ.

गीबतीला सवलती सहा : जुलमाची तक्रार, वाईट थांबवायला मदत मागणे, फतवा विचारणे, सावध करणे, उघड पाप करणाऱ्याचे तेवढेच पाप सांगणे, ओळख पटवणे. ही प्रसिद्ध यादी तेराव्या शतकातल्या शाफई ग्रंथकाराची, म्हणजे कोकणी मुसलमानांच्याच मजहबची (कायद्याच्या परंपरेची). स्क्रीनशॉट टाकणारे हमखास चौथ्या सवलतीचा आधार घेतात आणि फसतात. कारण सावध करायचे ते ज्याला धोका आहे त्यालाच, गरजेपुरते. स्थळाची चौकशी करणाऱ्या बापाला मुलाविषयी खरे सांगणे रास्त. तेच जमातीच्या ग्रुपवर टाकणे नव्हे.

नंतर पोस्ट पुसूनही सुटका नाही. बोहतान असेल तर ज्यांनी वाचले त्यांच्यासमोरच, म्हणजे त्याच ग्रुपवर, ते खोटे होते असे लिहावे लागते.