रानातल्या सापाचा फोटो: पार्श्वभूमी

पॅट्रिक रसेल यांचा भारतीय सापांवरचा ग्रंथ १७९६ साली निघाला, तेव्हा त्यातली चित्रं हाताने रंगवलेली होती. पुढेही बराच काळ अभ्यासकांची भिस्त स्पिरिटच्या बरणीतल्या नमुन्यांवर राहिली. स्पिरिटमध्ये पिवळं रंगद्रव्य टिकत नाही आणि हिरवागार साप निळा दिसू लागतो. जिवंत सापाच्या फोटोचं मोल यातूनच कळतं.

पण सुरुवातीची रंगीत फिल्म फार मंद होती, म्हणजे तिला खूप उजेड लागे. १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठी आलेल्या कोडाक्रोमची संवेदनशीलता आजच्या हिशेबात आयएसओ १०च्या आसपास. जवळून टिपताना ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, लहान ठेवावं लागतं, नाहीतर डोळा स्पष्ट येतो आणि नाकपुडी धूसर. झाडाखाली एवढा उजेड मिळणार कुठून? मग सापालाच थांबवायच्या युक्त्या निघाल्या: टोपीखाली झाकणं, फ्रीजमध्ये गार करणं. यातला सगळ्यात वाईट वारसा फ्रीजचा. साप शरीराची ऊब बाहेरून घेतो. गार पडलेला साप शांत नसतो, हतबल असतो. जाणकाराला ते फोटोतही दिसतं: अंग सैल, जीभ आत.

खरा उपाय फ्लॅशमध्ये होता. जॉर्ज शिरास यांचे वन्यप्राण्यांचे रात्रीचे फोटो नॅशनल जिओग्राफिकने १९०६ मध्ये छापले, पण त्यासाठी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवावा लागे. १९३०च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला आणि लवलवती जीभसुद्धा स्पष्ट टिपता येईल इतका क्षणिक उजेड हाती आला. अडचण उरली अंतराची. साप सरकला की अंतर बदले आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणाऱ्या उजेडाचं माप, चुके. १९७५च्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने लेन्समधून आत येणारा फ्लॅशचा उजेड मोजून तो वेळीच तोडायची सोय केली. सापाला जखडायचं तांत्रिक कारण तिथेच संपलं, सवय मात्र मागे राहिली.

फोटो सुधारण्याचे आजचे धडे याच प्रवासातून आले. उघड्या फ्लॅशने खवल्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. वरून काढलेला साप दोरीसारखा सपाट दिसतो, म्हणून कॅमेरा जमिनीलगत आणि फोकस डोळ्यावर. विषारी सापासाठी लांबूनही बारकावे टिपणारी लांब मॅक्रो लेन्स आणि भरपूर अंतर. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कात टाकण्याआधी हा खवला दुधाळ निळा होतो, सापाला नीट दिसत नाही. अशा वेळी फोटोचा हट्ट सोडावाच.

डिजिटल कॅमेऱ्याने चूक जागच्या जागी दाखवली आणि फोटो अभ्यासकांपर्यंत झटपट पोचू लागले. हिमाचलातल्या एका विद्यार्थ्याने इन्स्टाग्रामवर टाकलेल्या कुकरी सापाच्या फोटोवरून शोध सुरू झाला आणि २०२१ मध्ये ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही नवी जात जाहीर झाली. म्हणून संपादनात रंग भडक करणं मला पटत नाही. ओळख त्यावरही ठरते. दुर्मीळ सापाचा फोटो टाकताना त्यातली जीपीएसची नोंद मात्र काढून टाकावी, कारण साप पकडून विकणारेही हे फोटो बघतात.