तीन फोटो, एक आभाळ

सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी, दोन्ही मला एकाच चित्रात हवी होती. एका फोटोत ती मावेनात. म्हणून एका संध्याकाळी तळ्याकाठी उभं राहून डावीकडून उजवीकडे तीन फोटो काढले. प्रत्येकात आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा येईल, असा बेत ठेवला. घरी संगणकावर ते एकमेकांवर ठेवून जुळवले, तर मंदिर मंदिराला चपखल बसलं, पण आभाळात दोन उभ्या रेषा उमटल्या.

ह्या रेषा आल्या कुठून? कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोसाठी उजेड नव्याने मोजला होता. मावळतीकडच्या फोटोत त्याने उजेड कमी घेतला, दुसऱ्यात जास्त. शिवाय भिंगातून फोटोच्या कडांना मध्यापेक्षा कमी उजेड पोचतो, त्यामुळे एका फोटोची काळवंडलेली कड दुसऱ्याच्या उजळ भागाला भिडते. खरं तर फरक फार थोडा असतो. पण डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींना उजेड पडला की त्या शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात. त्यामुळे जिथे उजेड एकदम बदलतो तिथे तो बदल आहे त्याहून ठळक भासतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्येच अशा भासमान पट्ट्यांचं वर्णन केलं होतं. उलट उजेड हळूहळू बदलत गेला, तर बराच मोठा फरकही आपल्या लक्षात येत नाही. फोटो जोडण्याचं सगळं कसब डोळ्याच्या ह्या स्वभावावर उभं आहे.

फोटोशॉप असो की फुकट मिळणारं गिम्प, त्यात एक फोटो दुसऱ्यावर थरासारखा ठेवतात आणि वरच्या थराला मास्क लावतात. मास्क पांढरा असेल तिथे वरचा फोटो दिसतो, काळा असेल तिथे खालचा. हे समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. आपली चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. कुठल्या जागी कोणत्या रंगाचं सूत वर यायचं, हे जॅकार्ड मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. मास्क म्हणजे तसाच पुठ्ठा. मात्र पुठ्ठ्यात भोक असतं किंवा नसतं. मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या राखाडी छटाही चालतात, आणि तिथे दोन्ही फोटो मिसळतात. वरच्या बिंदूचा उजेड 200, खालच्याचा 100 आणि मास्क 70 टक्के पांढरा असेल, तर 140 अधिक 30, म्हणजे 170. प्रत्येक बिंदूपाशी एवढंच गणित होतं.

मग मी सांध्यावर रुंद, मऊ ब्रश फिरवला. आभाळ सुरेख जुळलं, पण मंदिराच्या शिखराला भुतासारखी दुसरी कड आली, कारण हातात धरून काढलेले फोटो केसाच्या अंतराने तरी सरकलेले असतातच. ब्रश बारीक केला तर शिखर नेटकं झालं आणि आभाळातली रेषा परतली.

ह्या पेचावरचा तोडगा मला ह्या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. तो पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी 1983 मध्ये मांडला. आधी प्रत्येक फोटोचेच थर वेगळे करायचे: एकात आभाळासारखे संथ चढउतार, दुसऱ्यात मध्यम आकार, शेवटच्यात दगडावरचं बारीक काम. संथ थर रुंद पट्ट्यात मिसळायचा, बारीक थर अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे पुन्हा एकत्र करायचे. त्यांनी अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं असं जोडून दाखवलं, तर ते एकच फळ वाटलं. फोटो जोडणारे अनेक प्रोग्रॅम आजही ही युक्ती वापरतात.

सरासरीऐवजी दुसरे नियमही लावता येतात. गड्ड्याच्या यात्रेतलं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम ट्रायपॉडवरून टिपलं असेल, तर ‘लायटन’ निवडावं. प्रत्येक बिंदूपाशी जो उजळ तो राहतो, आणि दहा फोटोंतले बाण एका आभाळात फुटलेले दिसतात. गर्दीतलं रिकामं देऊळ हवं असेल तर बरेच फोटो काढून प्रत्येक बिंदूची मधली किंमत घ्यावी. येणारीजाणारी माणसं तिथे थोड्याच फोटोंत असल्याने आपोआप गळून पडतात.

माझ्या चित्रात शेवटी तळ्याचं पाणी अडून बसलं. दोन फोटोंच्या मध्ये लाटा बदललेल्या, त्या मिसळल्या की नुसता गढूळ धूसरपणा. तिथे मिसळणं सोडलं, कडक सांधा ठेवला आणि तो मंदिराच्या पडछायेच्या काठाकाठाने वळवत नेला. गडद आणि उजळ पाण्याची सीमा तिथे आधीपासूनच होती. आता शोधायला गेलो तरी तो मलाही सापडत नाही.