रिमोट डेस्कटॉपमुळे मॉनिटरचं रिझोल्यूशन बिघडत नाही

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या ऑफिसांत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: कुणी घरून रिमोट डेस्कटॉप (ऑफिसचं मशीन दुसऱ्या ठिकाणाहून चालवायची विंडोजची सोय) लावला की ऑफिसच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन बिघडतं. हे खरं नाही, आणि यापायी घरून काम करायला मनाई करणं तर अजिबात बरोबर नाही.

विंडोजमध्ये डिस्प्लेची सेटिंग सेशनला, म्हणजे यूजरच्या लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या सत्राला, बांधलेली असते. मशीनसमोर बसून लॉगिन केलं की ते कन्सोल सेशन, खऱ्या मॉनिटरला जोडलेलं. त्याच यूजरने रिमोटने लॉगिन केलं की सेशन मॉनिटरपासून सुटतं आणि आभासी डिस्प्लेला जोडलं जातं. त्याचं माप घरच्या लॅपटॉपवरून ठरतं. ऑफिसात तोवर नुसती लॉक स्क्रीन. सकाळी परत समोर बसलात की 1920 × 1080 जसंच्या तसं. विस्कटतात ते आयकॉन आणि विंडो: घरच्या लॅपटॉपच्या 1366 × 768 मध्ये दाटीवाटीने बसलेली टॅलीची विंडो तशीच कोपऱ्यात राहते, आणि लोक त्यालाच बिघाड समजतात. एनीडेस्क या दूरून मशीन चालवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं मात्र वेगळं आहे. ते कन्सोलचाच स्क्रीन दाखवतं, त्यामुळे तिथे केलेला बदल मॉनिटरवर खरोखर होतो.

उपाय म्हणून काहीजण टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी विंडोजची सोय) रिझोल्यूशन बदलणारी स्क्रिप्ट टाकतात, तीही 'यूजर लॉगिन असो वा नसो' या पर्यायाने. असं काम सेशन 0 मध्ये, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेवांच्या सेशनमध्ये चालतं, आणि 2007 च्या व्हिस्टापासून यूजरचे सेशन 1 पासून पुढे असतात. म्हणून स्क्रिप्ट चालते, पण पडद्यावर काहीच होत नाही. 'यूजर लॉगिन असेल तरच' हा पर्याय निवडा.