उपग्रह कुणी हॅक केलेला नसतो

युद्धाच्या बातम्यांसोबत हल्ली एक छोटी बातमी हमखास येते. अमुक समुद्रावर विमानांचा जीपीएस गेला, तमुक बंदराजवळची जहाजं नकाशावर जमिनीवर दिसायला लागली. तिच्या मागोमाग मतं येतात. ‘उपग्रहच हॅक केले.’ ‘आता विमानं पडणार.’ ‘वरून त्यांना सगळं दिसतं, म्हणून मी फोनचं लोकेशन कायम बंद ठेवतो.’ ही तिन्ही मतं मी एरवी शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. तिन्ही चुकीची आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्या मताचं मूळ तर एकच आहे. बोलतो कोण आणि ऐकतो कोण, याचाच तिथे घोळ झालेला असतो.

जीपीएसचा उपग्रह बोलतो. आपला फोन ऐकतो. फोन या उपग्रहाला काहीही कळवत नाही, त्याची जीपीएसची यंत्रणा फक्त ऐकण्यापुरतीच बनवलेली असते. रेडिओ लावला म्हणून आकाशवाणीला आपला पत्ता कळत नाही, तसंच हे. आपण कुठे आहोत याचं गणित फोन स्वतः करतो. मग एखादं अ‍ॅप ते उत्तर इंटरनेटवरून स्वतःच्या कंपनीला पाठवतं, तो भाग निराळा. लोकेशन बंद ठेवायचं तर जरूर ठेवावं, पण राग उपग्रहावर काढू नये.

उपग्रह बोलतो तरी काय? मी अमुक क्रमांकाचा, माझी जागा ही, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. किती उशिरा ऐकू आलं त्यावरून अंतर कळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा सापडायला हवी, पण उपग्रहात अणुघड्याळ आणि फोनमध्ये स्वस्तातलं घड्याळ, त्यामुळे फोनच्या घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात होतो आणि चौथा उपग्रह लागतो.

पण खरी नवलाची गोष्ट दुसरीच आहे. हे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा प्रक्षेपक पंचवीस-पन्नास वॉटचा, म्हणजे एखाद्या जुन्या दिव्याइतका. तिथून निघालेली लहर अर्ध्या पृथ्वीवर पसरते. जमिनीवरच्या अँटेनात त्यातलं किती पडतं? एका वॉटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एखाद-दुसरा. फोनच्या आतले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेने थरथरतात, त्यांचाच गोंगाट याच्या पन्नासेक पट असतो. म्हणजे उपग्रहाची कुजबुज गोंगाटापेक्षा नुसती हळू नसते, ती त्यात पार बुडालेली असते.

तरी फोन ती ऐकतो. कशी, ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी फसवणूक याच युक्तीच्या पोटात दडलेली आहे.

प्रत्येक उपग्रहाला १०२३ चिन्हांची स्वतःची माळ दिलेली आहे. चिन्हं दोनच : अधिक एक आणि उणे एक. माळ दिसायला नाणेफेकीसारखी वेडीवाकडी, पण कायमची ठरलेली. उपग्रह एका मिलिसेकंदात ती पुरी म्हणतो आणि लगेच पहिल्यापासून सुरू करतो, अहोरात्र. फोनला सगळ्या उपग्रहांच्या माळा पाठ असतात, कारण त्या जाहीर आहेत.

आता समजा एका चिन्हाचा आवाज १ आहे. गोंगाटाची शक्ती पन्नासपट, म्हणजे त्याचे हेलकावे साधारण ७ चे (पन्नासचं वर्गमूळ). उपग्रहाने +१ म्हटलं तरी फोनला कधी +८ ऐकू येईल, कधी -६. एका चिन्हावरून काही म्हणजे काही कळणार नाही. मग फोन आलेल्या १०२३ आकड्यांखाली पाठ असलेली माळ मांडतो, प्रत्येक आकड्याला खालच्या चिन्हाने गुणतो आणि सगळ्याची बेरीज करतो. माळ अचूक जुळली असेल तर +१ गुणिले +१ म्हणजे १, आणि -१ गुणिले -१ म्हणजेही १. कुजबुजीचे सगळे तुकडे एकाच पारड्यात पडतात, बेरीज १०२३. गोंगाटाला मात्र माळ ठाऊक नसते. त्याचे आकडे कधी वर, कधी खाली, एकमेकांना खोडत जातात. नाणं १०२३ वेळा उडवलं तर छापे आणि काटे यांच्या संख्येतला फरक ३२ च्या आसपास राहतो (पुन्हा वर्गमूळ). तसा इथला गोंगाट ७ गुणिले ३२, म्हणजे २२५ च्या घरात. बघा, जी कुजबुज हेलकाव्यांच्या सातव्या हिश्शाएवढी होती, ती एका मिलिसेकंदात त्यांच्या साडेचारपट झाली!

आणि माळ एका घराने सरकवून मांडली तर? बेरीज कोसळते. १०२३ च्या जागी फार तर ६५ उरतात. दुसऱ्याच उपग्रहाची माळ मांडली तरी तेच. हा गुण माळांमध्ये आपोआप येत नाही. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये अशा माळांची अख्खी कुटुंबं कशी रचायची ते दाखवलं, म्हणून त्यांना गोल्ड कोड म्हणतात. त्याच गुणामुळे सगळे उपग्रह एकाच वारंवारितेवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एकदम बोलू शकतात आणि फोन त्यातला हवा तो वेगळा काढू शकतो. (उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर धावत असल्याने वारंवारिता थोडी सरकते, तीही फोनला शोधावी लागते. बराच वेळ बंद असलेला फोन जागा सांगायला वेळ लावतो, त्यामागे हा दुहेरी शोधही असतो.)

माळेतल्या एका घराची लांबी प्रवासाच्या हिशेबात सुमारे ३०० मीटर पडते. पण जुळणीच्या बेरजेचा आलेख काढला तर टोकदार डोंगर दिसतो, आणि फोन त्याच्या दोन्ही उतारांवर एकेक पाय ठेवून उभा असतो. डावा पाय आणि उजवा पाय सारख्या उंचीवर आले की शिखर बरोबर मध्ये. या तोल सांभाळण्यातून घराच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे तीनेक मीटरपर्यंत अंतर पकडता येतं.

हा डोंगर डोळ्यांपुढे ठेवला की फसवणूक समजायला वेळ लागत नाही.

तिचा अडाणी प्रकार म्हणजे जॅमिंग. त्याच वारंवारितेवर जवळून नुसता कलकलाट करायचा. साडेचारपटीची ती कमाई मग कुठल्या कुठे बुडते. त्यासाठी सैन्य लागत नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत छोटा जॅमर लावला होता. विमानांना उतरायला मदत करणारी विमानतळावरची यंत्रणा त्याने बिघडवली, आणि २०१३ मध्ये त्याला ३२ हजार डॉलरच्या आसपास दंड ठोठावला गेला. वीस हजार किलोमीटरवरून मुद्दाम आपल्यासाठी पाठवलेली लहर खिशात मावणाऱ्या डबीपुढे हरते. शंभर कोटी किलोमीटरहून लांब असलेला शनी मात्र नेमका आपल्याच नोकरीवर डोळा ठेवून असतो म्हणे.

हुशार प्रकार म्हणजे स्पूफिंग. माळा जाहीर आहेत, मग त्या आपणही म्हणू शकतो. फसवणारा खऱ्या उपग्रहाशी सूर जुळवून तीच माळ अगदी हळू म्हणू लागतो. त्याचा डोंगर खऱ्या डोंगराच्या आत लपलेला असतो, फोनला काही जाणवत नाही. मग तो आवाज हळूहळू वाढवतो. खऱ्यापेक्षा किंचित मोठा झाला की आपला डोंगर अलगद बाजूला सरकवायला लागतो. फोनचे दोन्ही पाय मोठ्या डोंगरावर असल्याने तेही त्याच्यासोबत सरकतात. खरा डोंगर मागे तसाच उभा असतो, पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. एकही धोक्याची घंटा न वाजता जागा बदलते.

टेक्सास विद्यापीठातले टॉड हम्फ्रीज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये भूमध्य समुद्रात ६५ मीटर लांबीच्या एका बोटीवर, मालकाच्या परवानगीने, हेच करून दाखवलं. पडद्यावर बोट सरळ जात होती आणि पाण्यावर वळत होती. उपग्रहाला कुणी हात लावला नव्हता. हॅक झाला होता तो ऐकणारा.

युद्धक्षेत्रात इतकी नजाकत कुणी करत नाही. तिथे मोठ्या आवाजात सरसकट एकच खोटी जागा ओतली जाते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली वीसहून अधिक जहाजं आपण रशियातल्या गेलेंझिक विमानतळावर आहोत असं सांगू लागली. २०२४ मध्ये इस्रायलच्या उत्तर भागातल्या लोकांचे फोन त्यांना बैरुतच्या विमानतळावर उभं करत होते. विमानतळच का? बाजारात मिळणारे अनेक ड्रोन विमानतळाजवळ उडायला नकार देतील असेच बनवलेले होते. ‘तू विमानतळावर आहेस’ अशी त्यांची समजूत करून दिली की काम झालं, असा तर्क आहे, आणि तो मला पटतो. उद्देश ड्रोन आणि क्षेपणास्त्रं चुकवण्याचा असतो. पण लहर ऐकणाऱ्याचा गणवेश बघत नाही. रुग्णवाहिका, जहाज, प्रवासी विमान, सगळ्यांच्या कानात तेच खोटं जातं.

मग विमानं पडतात का? नाही. विमानात जडत्वावर चालणारी, म्हणजे वेगातले बदल आणि वळणं मोजून जागेचा हिशेब ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा असते, जमिनीवरची रेडिओ केंद्रं असतात, नियंत्रकाचं रडार असतं. फिनएअरची एस्टोनियातल्या तार्तूला जाणारी दोन विमानं एप्रिल २०२४ मध्ये उतरता न आल्याने हेलसिंकीला परतली, आणि कंपनीने ती सेवा महिनाभर थांबवली. तार्तूला उतरण्याची पद्धत जीपीएसवर बेतलेली होती, एवढंच कारण. वैमानिक परत फिरले, याचा अर्थ सुरक्षेची साखळी शाबूत होती.

मला काळजी वाटते ती वेगळ्या ठिकाणी. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा विमानाची जागा नकाशाशी ताडून बघते. जागाच खोटी असेल तर उंचावरून निवांत उडणाऱ्या विमानातही ती ‘वर घ्या, वर घ्या’ असं ओरडते. दर फेरीत खोटं ओरडणारा पहारेकरी लोक बंद करून ठेवतात, आणि खरा डोंगर समोर येईल तेव्हाही तो गप्पच असेल. त्यातून सप्टेंबर २०२३ पासून इराकच्या आकाशात असं दिसू लागलं की काही विमानांची जडत्वावरची यंत्रणासुद्धा बिघडते, कारण ती मधूनमधून आपली चूक जीपीएसला विचारून सुधारते. ज्याने खोटेपणा पकडायचा, त्याचाच गुरू खोटा! काही विमानं यात भरकटली, एक तर परवानगीशिवाय इराणच्या हद्दीत शिरण्याच्या बेतात होतं.

हे वाचताना १९८३ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी १ सप्टेंबरला कोरियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर ते सगळ्या जगातल्या नागरी वापरासाठी खुलं असेल. पुन्हा कुठलं विमान असं भरकटू नये म्हणून जीपीएस सगळ्यांना खुलं ठेवायचं जाहीर झालं, आणि सगळ्यांना खुलं म्हणजे माळा जाहीर, म्हणूनच आज विमानांना भरकटवता येतं.

सैन्याच्या माळा गुप्त आहेत, पण त्या फोनला देऊन चालणार नाही, कोट्यवधी लोकांना ठाऊक असलेलं गुपित कसलं? युरोपच्या गॅलिलिओ या जीपीएससारख्याच उपग्रह-यंत्रणेने २०२५ मध्ये अधिक चतुर वाट सुरू केली. माळा उघड्याच ठेवायच्या, पण त्यांवरून जाणाऱ्या माहितीवर उपग्रहाने सही करायची, आणि सही तपासायची किल्ली काही सेकंदांनी उघड करायची. किल्ली जाहीर होईपर्यंत ती माहिती जुनी झालेली असते, त्यामुळे नकली सही करून उपयोग नाही. यालाही पळवाट आहे : खरा संदेश सहीसकट ध्वनिमुद्रित करून क्षणभर उशिराने पुन्हा वाजवायचा. सही खरी, वेळ खोटी. म्हणून अनेक अँटेना लावून आवाज कुठल्या दिशेने येतोय तेही बघतात. खरे उपग्रह आकाशभर विखुरलेले असतात, खोटे सगळे एकाच टेकडीवरून बोलतात.

आणि सगळ्यात साधा उपाय जुन्या अडगळीतून निघतो आहे. लोरान नावाची जमिनीवरच्या मनोऱ्यांची दिशादर्शक यंत्रणा अमेरिकेने २०१० मध्ये बंद केली, उपग्रह असताना हवी कशाला म्हणून. तिची अचूकता कमी, पण तिचे मनोरे लाखो वॉटच्या ताकदीने बोलायचे. उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या जॅमिंगने वैतागलेल्या दक्षिण कोरियाने तिचीच सुधारलेली आवृत्ती उभारायला घेतली आहे. तार्तूनेही उपग्रहावरची भिस्त सोडली : जीपीएसला न विचारता उतरण्याची पद्धत बसवली, आणि जून २०२४ मध्ये फिनएअरची विमानं पुन्हा तिथे उतरू लागली.